मोठा ग्रंथ कसा अभ्यासावा ?

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं संगणक आहे, आणि ज्यांच्या घरीं नाहीं त्यांच्या घरीं निदान मोबाइल तरी आहेच. या यंत्रांच्या पोटांत कोणता व्यवहार चालतो हें जाणून घेण्याची इच्छा मुलांना होते, हें मी वर्गांत नित्य पाहतों. ती इच्छा झाली कीं लागलाच एक प्रश्न उभा राहतो, व तोच आजच्या लेखाचा विषय आहे. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम कशी चालते, आणि तिच्याकडून काम करून घेणारे प्रोग्राम कसे लिहावे, हें शिकावयाचें कसें ? दहा-दहा मिनिटांच्या चित्रफिती पाहून, विचारतांच उत्तर लिहून देणाऱ्या नव्या यंत्रांना पुसून, कीं एखादा मोठा, सर्वांगपरिपूर्ण ग्रंथ पुढ्यांत घेऊन ? माझें मत या तिसऱ्या मार्गाला आहे. परंतु मोठा ग्रंथ विकत घेतला म्हणजे विद्या घरीं आली, अशी जी एक समजूत आहे ती मला मान्य नाहीं. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

ज्या ग्रंथाविषयीं मी बोलणार आहें त्याचें नांव 'द लिनक्स प्रोग्रामिंग इंटरफेस' असें आहे. त्याचे कर्ते मायकेल केरिस्क हे जन्मानें न्यूझीलंडचे. ग्रंथ २०१० सालीं प्रसिद्ध झाला. पृष्ठें दीड हजारांवर, प्रकरणें ६४. आपल्याकडे कलाहि चौसष्टच सांगितल्या आहेत, हा योगायोग मला नेहमीं गमतीचा वाटतो. पांचशेंहून अधिक सिस्टिम कॉल व फंक्शनें यांचें विवेचन आणि दोनशेंहून अधिक पूर्ण प्रोग्राम या ग्रंथांत आहेत. ग्रंथकर्त्याचा अधिकारहि मोठा. लिनक्सबरोबर जीं मार्गदर्शक पानें मिळतात, ज्यांना 'मॅन-पेजेस' म्हणतात, त्यांची जोपासना त्यांनीं २००४ पासून २०२१ पर्यंत केली. सारांश, ज्यानें वर्षानुवर्षें दुसऱ्यांच्या शंका निवारण केल्या अशा मनुष्याच्या हातून हा ग्रंथ उतरला आहे.

आतां ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हें पालकांसाठीं थोडक्यांत सांगतों. आपण बँकेंत गेलों असतां तिजोरीपर्यंत आपल्याला कोणी जाऊं देत नाहीं. आपण खिडकीपाशीं उभे राहतों, ठरलेल्या नमुन्याची चिठ्ठी आंत देतों, आणि आंतला कारकून आपलें काम करून देतो. अगर 'खात्यांत शिल्लक नाहीं' असा शेरा मारून चिठ्ठी परत करतो. संगणकांतहि असाच बंदोबस्त आहे. आपण लिहिलेल्या प्रोग्रामाला डिस्कला किंवा दुसऱ्या प्रोग्रामाच्या स्मृतीला स्वतः हात लावतां येत नाहीं. त्यानें कर्नल नांवाच्या मुख्य कारभाऱ्यापाशीं मागणी करावयाची. या मागणीच्या ज्या खिडक्या, त्यांना सिस्टिम कॉल असें म्हणतात. फाइल उघडण्याची खिडकी निराळी, वाचण्याची निराळी, लिहिण्याची निराळी. प्रत्येक खिडकीवर चिठ्ठी कोणत्या नमुन्याची द्यावी, आणि परत आलेल्या चिठ्ठीचा अर्थ काय करावा, हें सांगणें हा या ग्रंथाचा विषय होय. वरवर पाहतां विषय रुक्ष आहे. परंतु शाळेंतील गुणपत्रकांपासून रुग्णालयांतील नोंदींपर्यंत किती तरी गोष्टी आज या खिडक्यांतूनच आंतबाहेर जात असतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचें महत्त्व कळून येतें.

मोठा ग्रंथ हाताळण्याच्या दोन चुकीच्या रीती आहेत, आणि त्यांपैकीं पहिलीचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. ही रीत म्हणजे ग्रंथ कोशाप्रमाणें वापरणें. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश, जो प्रथम १८३१ सालीं निघाला, तो कोणी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचीत बसत नाहीं. अडला शब्द काढावा, अर्थ पाहावा आणि कोश मिटावा, हीच त्याची योग्य रीत. मीहि केरिस्क यांच्या ग्रंथाला तसाच एक कोश समजत असें. अडलें कीं उघडावा, चार ओळी उतरून घ्याव्या, कीं मिटावा !

कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेंत सुमारें अडीचशें मुलांच्या गुणांची यादी ठेवण्यासाठीं मीं एक लहानसा प्रोग्राम लिहिला. फाइलींत मजकूर लिहिण्यासाठीं 'राइट' नांवाचा सिस्टिम कॉल आहे. तो कसा वापरावा हें मीं ग्रंथांतून काढलें, नमुना उतरून घेतला, आणि शेवटीं पडद्यावर 'नोंद पूर्ण झाली' असें वाक्य उमटेल अशी योजना केली. प्रोग्राम कित्येक महिने उत्तम चालला. पुढें एके सायंकाळीं त्या संगणकाची डिस्क भरत आली होती, व याची मला वार्ताहि नव्हती. मीं नवे गुण भरले. प्रोग्रामानें जुनी यादी पुसली, नवी लिहावयास घेतली, आणि पडद्यावर नेहमींप्रमाणें 'नोंद पूर्ण झाली' असें दाखविलें. मी निश्चिंत मनानें घरीं गेलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं यादी उघडून पाहतों तों ती एका मुलीच्या नांवाच्या मध्येंच तुटलेली ! तिच्यापुढचीं सर्व नांवें नाहींशीं झालेलीं ! सुदैवानें गुणांचे कागद कपाटांत होते; ते काढून दोन दिवस बसून यादी पुन्हां भरावी लागली.

मीं तोच ग्रंथ पुन्हां उघडला. जो नमुना मीं उतरून घेतला होता त्याच्याच खालीं स्पष्ट शब्दांत लिहिलें होतें कीं, हा कॉल किती बाइट लिहून झाले तो आंकडा परत देतो; तो आंकडा आपण मागितल्यापेक्षां कमी असूं शकतो; आणि डिस्क भरणें हें त्याचें एक कारण आहे. मुळींच लिहितां आलें नाहीं तर उणे एक हें उत्तर येतें व त्याचें कारणहि कळूं शकतें. म्हणजे कारकुनानें 'जागा संपली' असा शेरा मारून चिठ्ठी परत केली होती. ती मीं वाचलीच नव्हती. यंत्र खोटें बोललें नाहीं. खोटें बोललों तो मी. 'नोंद पूर्ण झाली' हें वाक्य कांहींहि विचार न करतां पडद्यावर उमटेल अशी व्यवस्था माझीच होती.

आतां दुसरी रीत. ती म्हणजे पारायण. माझ्या एका मित्रानें माझ्या फजितीची कथा ऐकून निश्चय केला कीं, आपण हा ग्रंथ पहिल्या पानापासून वाचावयाचा. रोज रात्रीं जेवणानंतर वीस पानें, असा त्याचा नेम होता, आणि तो त्यानें निष्ठेनें पाळला. तीन आठवड्यांनीं चारशें पानें झालीं. परंतु 'एका फाइलीची दुसरी प्रत करणारा प्रोग्राम पुस्तक न पाहतां लिहून दाखव,' असें मीं म्हणतांच त्याची लेखणी चौथ्या ओळीवर अडली. त्याला शब्द सर्व ओळखीचे झाले होते. हाताला मात्र एकहि ओळखीचा झाला नव्हता. पोहण्याचें पुस्तक विहिरीच्या कांठावर बसून वाचल्यानें जें होईल, तेंच येथें झालें.

मग खरी रीत कोणती ? माझें उत्तर एका शब्दांत सांगावयाचें तर, ग्रंथ राबवावा. एक प्रकरण घ्यावें. तें सावकाश वाचावें. त्यांतील प्रोग्राम स्वतःच्या हातानें टंकून चालवून पाहावा. मग तो मुद्दाम बिघडवून पाहावा. आणि प्रकरणाच्या शेवटीं जे अभ्यास दिले आहेत ते सोडविल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये. कांहीं निवडक अभ्यासांचीं उत्तरें ग्रंथाच्या अखेरीस दिलीं आहेत, परंतु तें पान शेवटींच उघडावें.

या रीतीचा गुण एका उदाहरणानें स्पष्ट होईल. पांचव्या प्रकरणाच्या शेवटीं एक अभ्यास आहे. एक प्रोग्राम लिहावयाचा. त्यानें एका फाइलीच्या अखेरीस एकेक बाइट करून दहा लक्ष बाइट जोडावयाचे. मग हाच प्रोग्राम एकाच वेळीं दोनदां चालवावयाचा, आणि दोघांनींहि त्याच एका फाइलींत लिहावयाचें. प्रथम फाइल 'जोडणीच्या' पद्धतीनें उघडावयाची, म्हणजे प्रत्येक वेळीं अखेर कोठें आहे तें कर्नलनें पाहावयाचें व तेथेंच लिहावयाचें. दुसऱ्या खेपेस ती सोय काढून टाकावयाची, आणि प्रत्येक बाइटाच्या आधीं प्रोग्रामानेंच 'मला अखेरीस ने' अशी एक मागणी करून मग 'आतां लिही' अशी दुसरी मागणी करावयाची. दोन्ही रीती कागदावर सारख्याच दिसतात.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीनें हा प्रयोग केला. पहिल्या रीतीनें फाइल बरोबर वीस लक्ष बाइटांची झाली. दुसऱ्या रीतीनें ती पुष्कळच कमी भरली. तिनें पुन्हां चालविला; निराळाच आंकडा ! पांच वेळां चालविला. पांच निराळे आंकडे! ती मला म्हणाली, "सर, यंत्राला बेरीज येत नाहीं कीं काय ?" मीं उत्तर दिलें नाहीं, एक कोरा कागद मात्र दिला. तिनें त्यावर दोन रकाने आंखले, एका प्रोग्रामाचा एक व दुसऱ्याचा एक, आणि कोणती मागणी कोणत्या क्रमानें होते तें एकाखालीं एक लिहीत गेली. अर्ध्या तासानें तिचा चेहरा उजळला. पहिला प्रोग्राम अखेरीस जाऊन उभा राहतो, परंतु तो लिहिण्यापूर्वींच दुसराहि त्याच जागीं येऊन उभा राहतो. मग एकानें लिहिलेल्यावर दुसरा लिहितो, आणि एक बाइट हरवतो. एकाच वहींत दोन कारकून एकाच ओळीवर लिहूं लागले तर जें होईल तेंच हें. 'अखेरीस जाणें' आणि 'लिहिणें' या दोन गोष्टी अभंगपणें एकच क्रिया म्हणून कां झाल्या पाहिजेत, हें त्या मुलीला आतां जन्मभर कोणी सांगावें लागणार नाहीं. हेंच वाक्य मीं तिला आयतें सांगितलें असतें तर तिनें तें वहींत उतरून घेतलें असतें, आणि परीक्षेनंतर वहीबरोबर रद्दींत दिलें असतें.

माझ्या गुणांच्या यादीचा दोषहि अखेर याच रीतीनें निघाला. आतां माझा प्रोग्राम जुन्या यादीला हात लावीत नाहीं. तो नवी यादी निराळ्या फाइलींत लिहितो; प्रत्येक मागणीचें उत्तर तपासतो; लिहिलेलें खरोखरच डिस्कवर उतरलें कीं नाहीं याची, 'एफसिंक' नांवाच्या कॉलनें, खात्री करून घेतो; आणि सर्व ठीक असेल तरच नव्या फाइलीला जुनीचें नांव देतो. मध्येंच कांहीं बिनसलें तर जुनी यादी जशीच्या तशी राहते. यांतील एकेक गोष्ट ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रकरणांत आहे. कोणा एका पानावर हें उत्तर तयार लिहून ठेवलेलें नाहीं. ज्यानें सर्व प्रकरणें राबविलीं त्याच्याच मनांत तीं एकत्र येतात. सर्वांगपरिपूर्ण ग्रंथाचा खरा लाभ हा आहे.

या मतावर आक्षेप येतील. ते मी टाळूं इच्छीत नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, २०१० चा ग्रंथ आज जुना झाला. यांत तथ्य आहे. कर्नलमध्यें त्यानंतर पुष्कळ नव्या सोयी आल्या. उदाहरणार्थ, २०१९ सालीं आलेली 'आयओ-यूरिंग' ही योजना या ग्रंथांत असणें शक्य नाहीं. परंतु जुन्या प्रोग्रामांचें चालतें काम मोडावयाचें नाहीं, असा लिनक्सच्या कर्त्यांचा दंडक आहे. म्हणून उघडणें, वाचणें, लिहिणें, मिटणें या खिडक्या जेथें होत्या तेथेंच आहेत. पाया ग्रंथांतून घ्यावा, नवे मजले मॅन-पेजेसमधून चढवावे.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. "आमचा मुलगा मराठी माध्यमांत शिकलेला, त्याला दीड हजार पानांचें इंग्रजी कसें पेलावें?" असें पालक मला विचारतात, आणि त्यांची काळजी खरी आहे. परंतु शास्त्रीय ग्रंथाचें इंग्रजी हें कादंबरीचें इंग्रजी नव्हे. त्यांतील शब्द मोजके असतात व तेच पुन्हां पुन्हां येतात. पहिल्या तीन प्रकरणांत मुलाला कष्ट पडतील, त्यानें शब्दांची वही ठेवावी. त्यापुढें रोज नवे शब्द थोडेच भेटतील. मात्र एक सूचना करणें अवश्य आहे. हा ग्रंथ सी भाषा शिकवीत नाहीं. ती येते असें धरून चालतो. म्हणून ज्याला प्रोग्राम लिहिणेंच ठाऊक नाहीं त्यानें येथून आरंभ करूं नये. कर्निघन व रिची यांचें सी भाषेवरील लहानसें पुस्तक, ज्याची दुसरी आवृत्ति १९८८ सालीं निघाली, तें तीनशें पानांच्याहि आंत आहे. तें आधीं राबवावें.

तिसरा आक्षेप आजकालचा, आणि सर्वांत बळकट. "प्रश्न विचारतांच यंत्र प्रोग्राम लिहून देतें, मग मुलांनीं हे कष्ट कशाला करावे?" त्या यंत्रांचा मी शत्रु नाहीं, मीहि त्यांचा उपयोग करतों. परंतु माझा साधा प्रश्न असा कीं, यंत्रानें दिलेलें उत्तर बरोबर आहे हें ठरविणार कोण ? ज्यानें दोन रकाने आंखून हरवलेला बाइट शोधला, तो त्या उत्तरावर बोट ठेवून 'येथें चूक आहे' असें म्हणूं शकेल. ज्यानें तें केलें नाहीं, त्याला चुकीचें व बरोबर उत्तर सारखेंच सुंदर दिसेल. 'नोंद पूर्ण झाली' हें माझें वाक्यहि कित्येक महिने सुंदरच दिसत होतें !

मोठ्या ग्रंथापासून केवढें कार्य उद्भवूं शकतें याचें एक उदाहरण या विषयाच्या इतिहासांतच आहे. अँड्र्यू टॅनेनबाम या अध्यापकांनीं १९८७ सालीं ऑपरेटिंग सिस्टिमच्या रचनेवर एक जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलें, आणि तत्त्वें सांगून न थांबतां मिनिक्स नांवाची एक लहान सिस्टिम करून तिचा मूळ प्रोग्राम पुस्तकांतच छापला. फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें १९९० च्या उन्हाळ्यांत तें पुस्तक वाचून काढलें. पुढें स्वतःचा संगणक घेऊन त्यानें त्यावर मिनिक्स चालविली, तिच्यांतील उणिवा पाहिल्या, आणि १९९१ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, आपली स्वतःची सिस्टिम लोकांपुढें ठेवली. तीच लिनक्स. आपल्या अँड्रॉइड मोबाइलांच्या मुळाशींहि तीच आहे. त्या विद्यार्थ्यानें पुस्तक नुसतें कपाटांत ठेवलें असतें, किंवा परीक्षेपुरतीं दहा पानें पाठ केलीं असतीं, तर काय झालें असतें याचा विचार वाचकांनींच करावा.

शेवटीं एक विनंति. हा ग्रंथ महाग आहे, आणि प्रत्येक घरानें तो घ्यावा असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु शाळेच्या ग्रंथालयांत त्याची एक प्रत असावी, आणि वरच्या वर्गांतील चार-पांच मुलामुलींनीं तिच्याभोंवतीं एक मंडळ करावें. लिनक्सला पैसा पडत नाहीं, आणि घरांत पडून राहिलेल्या जुन्या संगणकावरहि ती बहुधा चालते. आठवड्यास एक प्रकरण या मानानें चौसष्ट प्रकरणांना सव्वा वर्ष लागेल; दोन लागलीं तरी चिंता नाहीं. पालकांनीं मुलाला "किती पानें झालीं ?" असें विचारूं नये, "आज काय चालविलेंस, आणि काय बिघडलें?" असें विचारावें. ज्या दिवशीं मूल आपण होऊन सांगेल, "आज माझा प्रोग्राम चुकला, आणि तो कां चुकला तें मला कळलें," त्या दिवशीं ग्रंथाची किंमत वसूल झाली असें खुशाल समजावें.

त्या अर्धवट तुटलेल्या यादींतील मुलीचें नांव मला अद्यापि आठवतें. तिचे गुण हरवले नाहींत, कारण कागद कपाटांत होता. प्रत्येक वेळीं कपाटांत कागद असेलच असें नाहीं. उद्यां आपल्यापैकीं कोणाच्या तरी प्रोग्रामावर कोणाची औषधाची नोंद, कोणाचें वेतन, कोणाचें जमिनीचें खातें अवलंबून असेल. परत आलेली चिठ्ठी वाचण्याची संवय त्याला आजच लागावी, एवढ्यासाठींच हा मोठा ग्रंथ आणि हे मोठे कष्ट.